पदव्युत्तर नर्सिंगनंतर पुढे काय झालं, हे मोजायचं कसं

‘आमचे ९५ टक्के विद्यार्थी नोकरीत’ असं वाक्य पदव्युत्तर नर्सिंगच्या माहितीपत्रकात छापलं जातं, तेव्हा त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. नोंदणीकृत परिचारिका प्रवेश घेण्याआधीही बहुधा नोकरीतच असते, त्यामुळे नोकरी मिळाली का हा तिच्यापुढचा प्रश्नच नाही. काम बदललं का, पद बदललं का, निर्णयाचा अधिकार आला का, पगार खरोखर किती वाढला आणि शिकण्यात गेलेली वर्षं भरून निघाली का, हे तिचे प्रश्न आहेत. दोन वर्षांचा पगार सोडून कुणी शिकायला येतं ते अशाच आकड्यांच्या भरवशावर. म्हणून ते आकडे काटेकोरपणे काढले पाहिजेत.

नर्सिंग महाविद्यालयातल्या अध्यापकांनी, रुग्णालयाच्या नर्सिंग विभागानं किंवा प्रबंधासाठी हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांनी माजी विद्यार्थ्यांचा असा मागोवा कसा घ्यावा, त्याची ही पद्धत आहे. एका महाविद्यालयाचा पहिला मागोवा दोन-तीन माणसांना चार ते सहा महिन्यांत पूर्ण करता येतो. त्यातला सर्वात जास्त वेळ माणसं शोधण्यात जातो, आणि तो तसा जायलाच हवा.

आधी यादी, प्रश्नावली नंतर

बहुतेक ठिकाणी काम उलट्या टोकानं सुरू होतं. ऑनलाइन प्रश्नावली तयार होते, बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली जाते, जी उत्तरं येतील त्यांची टक्केवारी काढली जाते. त्या ग्रुपवर राहतं कोण? ज्यांचं बरं चाललंय, ज्यांना सांगण्यासारखं काही आहे, जे महाविद्यालयाच्या संपर्कात आहेत. शिक्षण अर्धवट सोडलेली, घरी थांबलेली किंवा पदवी घेऊनही त्याच वॉर्डात त्याच ड्यूटीवर परतलेली परिचारिका तिथून केव्हाच बाहेर पडलेली असते. मग आकडा चांगला येणारच.

सुरुवात प्रवेश रजिस्टरपासून करा. ज्या बॅच घ्यायच्या त्यांत प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाचं नाव एका तक्त्यात उतरवा. पुढे हे रकाने ठेवा: प्रवेशाचं वर्ष, विशेष विषय, प्रवेशाच्या वेळचं वय, तोवरचा अनुभव महिन्यांत, तेव्हाचं पद, नोकरी सोडून आली की रजा घेऊन, अभ्यासक्रम पूर्ण केल्याची तारीख किंवा सोडल्याची तारीख, आणि नोंदणी परिषदेचा नोंदणी क्रमांक. हा शेवटचा रकाना फार उपयोगी पडतो. फोन बदलतो, पत्ता बदलतो, लग्नानंतर अनेकींचं आडनाव बदलतं. नोंदणी क्रमांकाचा धागा मात्र सहसा तुटत नाही. अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिकांचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९७७ पासून होतं आणि त्याचा नमुना महाविद्यालयांकडून मागवलेल्या यादीतून न घेता परवाना मंडळांच्या नोंदींतून काढला जातो, तो याच कारणासाठी.

सोडून गेलेल्यांची नावं यादीतून काढू नका. पैसे आणि वेळ घालवून पदवी न मिळणं हाही एक परिणामच आहे, आणि प्रवेश घेऊ पाहणाऱ्या परिचारिकेला तो माहीत असायला हवा.

बॅच किती घ्याव्यात? एका विशेष विषयाच्या बॅचमध्ये पाच-दहाच जण असतात, तेवढ्यावरून काही बोलता येत नाही. किमान पाच ते सहा सलग वर्षं एकत्र घ्या. मात्र पदवी मिळून वर्षही न झालेली बॅच त्यात मिसळू नका. अध्यापनाच्या जागा लवकर मिळतात, तर मेट्रन किंवा नर्सिंग अधीक्षक अशी पदं सेवाज्येष्ठतेच्या वाटेनं येतात आणि त्यांना दहा वर्षंही लागू शकतात. पहिल्या वर्षी मोजलं तर पदवी म्हणजे ट्यूटर होण्याची वाट एवढंच दिसेल. पदवीनंतर १, ३ आणि ५ वर्षांनी, आणि जमल्यास १० वर्षांनी विचारणं बरं.

परिणाम म्हणजे नेमकं काय

पदाच्या नावावर विसंबू नका. एका रुग्णालयातली ‘क्लिनिकल इन्स्ट्रक्टर’ पूर्णवेळ शिकवते, दुसरीकडे त्याच नावाची परिचारिका आठवड्याचे पाच दिवस वॉर्ड सांभाळून सहाव्या दिवशी विद्यार्थ्यांच्या हजेरीवर सह्या करते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणाचे संकेतांक वापरले म्हणजे काम शास्त्रशुद्ध झालं असं वाटतं, पण २००८ च्या त्या वर्गीकरणात २२२१ या एकाच संकेतांकाखाली वॉर्डातली परिचारिका, विशेषज्ञ परिचारिका, भूलतज्ज्ञ परिचारिका आणि नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण स्वतः तपासून उपचार ठरवणारी परिचारिका) अशा सगळ्या येतात. वॉर्डातून नर्स प्रॅक्टिशनर होणं हा पदव्युत्तर शिक्षणाचा सर्वात मोठा परिणाम, आणि नेमका तोच त्या संकेतांकात दिसेनासा होतो. विद्यापीठ स्तरावर शिकवणाऱ्या मात्र २३१० मध्ये जातात आणि आरोग्यसेवा व्यवस्थापक १३४२ मध्ये. संकेतांक जरूर नोंदवा, इतर अभ्यासांशी ताळा करायला ते लागतात. पण निष्कर्ष त्यांच्यावर उभे करू नका.

त्याऐवजी कामाचे तास विचारा: ‘मागच्या पूर्ण आठवड्यात तुम्ही एकूण किती तास काम केलं? त्यांपैकी रुग्णांच्या थेट शुश्रूषेत किती, शिकवण्यात किती, ड्यूटी लावणं, हिशोब, बैठका यांत किती, संशोधनात किती, आणि इतर कामांत किती?’ बेरीज जुळते का हे तिथल्या तिथे तपासा. ती आठवड्याभराच्या रजेवर असेल तर त्याआधीचा कामाचा आठवडा घ्यायला सांगा.

दुसरा प्रश्न पदवी वापरली जाते का हा. तो सरळ ‘पदवीचा उपयोग होतो का?’ असा विचारला तर जवळजवळ सगळ्या जणी हो म्हणतील. इतक्या कष्टानं मिळवलेल्या गोष्टीबद्दल माणूस दुसरं काय म्हणेल? म्हणून असं विचारा: ‘तुमच्या सध्याच्या पदाच्या जाहिरातीत किंवा सेवानियमांत पदव्युत्तर पदवी बंधनकारक होती, प्राधान्यासाठी होती, की तिचा उल्लेखच नव्हता?’ या तीन उत्तरांतून खरं चित्र उमटतं. तिसऱ्या उत्तराची संख्या मोठी असेल तर तुमचा अभ्यासक्रम आणि बाहेरची पदरचना यांत अंतर आहे. ती उणीव विद्यार्थ्यांच्या माथी मारू नये.

अधिकारासाठी ठोस कामं विचारा. रुग्णाची स्वतंत्र तपासणी करून योजना ठरवते का, तपासण्या सांगू शकते का, औषध लिहू शकते का, विभागातल्या कार्यपद्धतीचा दस्तऐवज तिच्या सहीनं निघतो का, नेमणुकीच्या मुलाखतीत बसते का, खर्चाच्या रकमेवर तिची मंजुरी लागते का. प्रत्येकाला हो किंवा नाही.

इथे देशाची नोंद अत्यावश्यक आहे. नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केलं. पुढे अनेक देशांनी त्या भूमिकेला कायद्यानं जागा दिली, अनेकांनी दिली नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद प्रगत परिचर्येसाठी पदव्युत्तर पदवी ही किमान पात्रता मानते, पण परिषदेची शिफारस म्हणजे कायदा नव्हे. त्यामुळे त्याच पदवीवर एका देशात औषध लिहिण्याचा अधिकार मिळतो आणि दुसऱ्या देशात तीच परिचारिका पुन्हा नोंदणीची परीक्षा देऊन बेडसाइडपासून सुरुवात करते. परदेशी गेलेल्यांना ‘यशस्वी’ या एका रकान्यात टाकून मोकळं होऊ नका. तिथे त्यांची पदव्युत्तर पदवी मान्य झाली का, हे वेगळं विचारा.

काम करत नसलेल्यांच्या बाबतीतही नेमकेपणा हवा. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार बेरोजगार म्हणजे जिच्याकडे काम नाही, जी कामाला उपलब्ध आहे आणि जिनं गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंय. बाळंतपणाच्या रजेवर असलेली नोकरीतच मोजायची. मूल किंवा आजारी माणूस सांभाळायला घरी थांबलेली, पीएच.डी. करणारी, परदेशातल्या नोंदणीची वाट पाहणारी, हे तीन वेगळे गट. सगळ्यांना ‘नोकरीत नाही’ म्हटलं की आकडा वाईट दिसतो, सगळ्यांना वगळलं की खोटा होतो.

पगाराचा प्रश्न

पगार विचारताना हातात येणारी रक्कम आणि मूळ वेतन वेगवेगळं घ्या. वॉर्डातून महाविद्यालयात गेलेल्या परिचारिकेचा नाइट भत्ता आणि ओव्हरटाइम बंद होतो, त्यामुळे मूळ वेतन वाढूनही हातात कमी येणं सहज शक्य आहे. उलट ज्यादा ड्यूट्या करणाऱ्या वॉर्डातल्या परिचारिकेच्या हातात भरपूर पैसे दिसतात, पण ते साठ तासांचे असतात. म्हणून महिन्याचा पगार महिन्याभराच्या तासांनी (आठवड्याचे तास गुणिले ४.३३) भागून ताशी दर काढा आणि दोन्ही आकडे द्या. वेगवेगळ्या वर्षांतले पगार एकत्र करण्याआधी ग्राहक किंमत निर्देशांकानं एका वर्षाच्या किमतीवर आणा, नाहीतर महागाईच बढती म्हणून मोजली जाईल. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा पगार, वापरा. परदेशातले दोन पगार सरासरी कुठल्या कुठे नेऊन ठेवतात.

पदवीआधीचा पगार पाच वर्षांनी आठवून सांगितलेला नको. तो प्रवेशाच्या दिवशी अर्जातच घ्यायचा. जुन्या बॅचचा तो नसेल तर पगाराची तुलना नव्या बॅचपुरतीच ठेवा, पण अंदाजानं भरू नका.

महिन्यांची पट्टी

बढती, बदली, खंड हे सगळं आठवणीतून विचारताना सरळ प्रश्न फसतात. छोट्या नोकऱ्या विसरल्या जातात आणि दूरच्या घटना जवळ सरकतात. त्यासाठी महिन्यांची पट्टी वापरा: आडवे महिने, नोंदणीच्या महिन्यापासून आजपर्यंत, आणि उभ्या चार ओळी. पहिल्या ओळीत लग्न, बाळंतपण, घर बदलणं, आईवडिलांचं आजारपण यांसारख्या घरच्या घटना. त्या आधी भरून घ्या, कारण त्यांच्या तारखा पक्क्या आठवतात. मग शिक्षण, मग नोकरीचं ठिकाण, शेवटी पद. ‘मुलगी झाली तेव्हा कुठल्या वॉर्डात होता?’ या प्रश्नाला येणारं उत्तर ‘२०१९ मध्ये कुठल्या पदावर होता?’ यापेक्षा कितीतरी खात्रीचं असतं. ही पट्टी फोनवर भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ऑनलाइन नीट भरली जात नाही. म्हणून प्रश्नावली ऑनलाइन, पट्टी फोनवर, अशी विभागणी ठेवा.

तुलना कुणाशी

पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांपैकी निम्म्या जणी पाच वर्षांत वरच्या पदावर गेल्या, असं कळलं. मग? पदवी न घेता किती गेल्या असत्या, हे माहीत असल्याशिवाय त्या निम्म्यांचं श्रेय पदवीला देता येत नाही. शिकायला येणाऱ्या परिचारिका मुळातच पुढे जाऊ पाहणाऱ्या असतात, त्या तशाही पुढे गेल्या असत्या हा आक्षेप रास्त आहे.

सर्वात चांगला तुलनागट महाविद्यालयाच्याच कपाटात असतो: अर्ज केला, पात्र ठरल्या, पण प्रवेश घेतला नाही अशांची यादी. त्यांचीही इच्छा तीच होती, अडलं ते पैशांवर, रजेवर किंवा घरच्या कारणांवर. जागा कमी म्हणून गुणवत्ता यादीत थोडक्यात मागे राहिलेल्या असतील तर फारच उत्तम. हे जमत नसेल तर त्याच रुग्णालयात त्याच वर्षी, त्याच मूळ पात्रतेवर रुजू झालेल्या परिचारिका घ्या. पण आज त्या रुग्णालयात असलेल्यांची यादी घेऊ नका, त्या वर्षीचं रुजू रजिस्टर घ्या. आजच्या यादीत फक्त टिकलेल्या असतात. सोडून गेलेल्या निसटतात आणि तुलनागट उगाच वरचढ दिसतो.

घड्याळ कुठून सुरू करायचं, यावरही निकाल पालटतो. समजा दोघींची नोंदणी एकाच वर्षी झाली. एकीनं चार वर्षं वॉर्ड केला, दोन वर्षं शिकली आणि पदवीनंतर दोन वर्षांत इनचार्ज झाली. दुसरी सलग आठ वर्षं वॉर्डात राहून इनचार्ज झाली. पहिलीचं घड्याळ पदवीपासून लावलं तर ‘दोन वर्षांत इनचार्ज’ असा देखावा उभा राहतो. दोघींचं नोंदणीपासून लावलं की दोघींना आठच वर्षं लागली हे दिसतं. शिकण्याची वर्षंही आयुष्यातलीच वर्षं आहेत, ती हिशोबातून गाळायची नाहीत.

ज्यांना अजून बढती मिळालेली नाही त्यांना ‘नाही’ म्हणून बंद करू नका. तीन वर्षं झालेली आणि नऊ वर्षं झालेली यांचं ‘अजून नाही’ सारखं नसतं. अशा अपूर्ण काळासाठी कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ साली मांडलेली रीत वापरतात. आर या मोफत संगणक प्रणालीत ती तयार मिळते आणि ‘इतक्या वर्षांत निम्म्या जणींना बढती मिळाली’ असं थेट सांगता येतं.

माणसं शोधणं

परिचारिकेला सकाळी नऊला फोन करू नका. ती नाइट करून झोपलेली असते किंवा वॉर्डात राउंड चालू असतो. आधी संदेश पाठवून वेळ मागा आणि फिरत्या पाळीचा अंदाज घेऊन पुढचा प्रयत्न वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी करा. पुढचा क्रम चांगला चालतो:

१. प्राचार्यांच्या सहीचं छोटं पत्र किंवा संदेश: अभ्यास कशासाठी, किती मिनिटं लागतील, नाव कुठेही येणार नाही.
२. तीन दिवसांनी प्रश्नावलीचा दुवा, प्रत्येकीचा स्वतंत्र, म्हणजे कुणाचं उत्तर आलं ते कळेल.
३. सात दिवसांनी आठवण, फक्त उत्तर न दिलेल्यांना.
४. आणखी दोन आठवड्यांनी वेगळ्या शब्दांत दुसरी आठवण.
५. मग फोन, वेगवेगळ्या वेळी किमान सहा प्रयत्न, प्रत्येकाची तारीख-वेळ लिहून.

जुना नंबर लागत नसेल तर बॅचमधल्या मैत्रिणींकडून शोधा, पण नंबर त्यांच्याकडून थेट घेण्याऐवजी तुमचा निरोप त्यांच्यामार्फत पोचवा. फोन करणारी व्यक्ती त्या विद्यार्थिनीची मार्गदर्शक असू नये. ज्या शिक्षिकेनं कष्ट घेतले तिला ‘मॅडम, पदवीचा काही उपयोग झाला नाही’ असं सांगायला कुणाचीच जीभ रेटत नाही.

प्रश्नावली बारा मिनिटांत संपली पाहिजे. पाठवण्याआधी आठ-दहा परिचारिकांसोबत बसून ती भरून घ्या आणि प्रत्येक प्रश्नाला ‘तुम्हाला यातून काय विचारलंय असं वाटलं?’ हे विचारा. ‘पर्यवेक्षण’ हा शब्द एकीला विद्यार्थ्यांचा वाटतो, दुसरीला वॉर्डातल्या मदतनिसांचा; असे घोटाळे इथेच सापडतात.

नीतिमत्ता समितीची मंजुरी पहिल्या संदेशाआधी घ्यायची. नावांची यादी एका फाइलमध्ये, उत्तरं दुसऱ्या फाइलमध्ये, दोन्हींना जोडणारा क्रमांक एकाच जबाबदार व्यक्तीकडे. अहवालातल्या तक्त्यांत पाचपेक्षा कमी माणसांचा कुठलाही चौकोन छापू नका. मानसिक आरोग्य विषयाच्या एका बॅचमध्ये तिघीच असतील तर पगार छापताच कोणाचा ते सगळ्यांना कळतं.

छेद कोणता, यावर सगळं

समजा सहा वर्षांत १४४ जणांनी प्रवेश घेतला, १३१ जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, ७८ जणांनी उत्तर दिलं आणि त्यांतल्या ६२ जणी पदव्युत्तर पदवी बंधनकारक असलेल्या पदावर आहेत. ६२ ला ७८ नं भागलं तर ७९ टक्के. १३१ नं भागलं तर ४७. प्रवेश घेतलेल्या १४४ नं भागलं तर ४३. तिन्ही भागाकार बरोबर आहेत, पण माहितीपत्रकात पहिलाच जातो.

प्रामाणिक उत्तर आधी सीमांमध्ये द्यायचं. उत्तर न दिलेल्या ५३ जणींपैकी एकही अशा पदावर नसेल तर ४७ टक्के, सगळ्या असतील तर ११५ भागिले १३१, म्हणजे जवळपास ८८. खरा आकडा ४७ ते ८८ च्या मध्ये कुठेतरी आहे. एवढं रुंद अंतर पाहून कुणालाही अस्वस्थ वाटेल, आणि ते अरुंद करण्याची चांगली वाट आहे.

त्या ५३ मधून चिठ्ठ्या टाकून २० नावं काढा आणि सगळी ताकद फक्त त्या वीसजणींवर लावा. गावच्या पत्त्यावर पत्र, नोंदणी परिषदेमार्फत निरोप, जुन्या सहकाऱ्यांमार्फत निरोप, आणि पूर्ण प्रश्नावलीऐवजी फक्त तीन प्रश्न: सध्या काम करता का, कोणत्या पदावर, त्या पदाला पदवी बंधनकारक होती का. समजा १८ सापडल्या आणि त्यांतल्या ९ अशा पदावर निघाल्या. म्हणजे न बोललेल्यांत साधारण निम्म्या. ५३ च्या निम्म्या २६.५, त्यात ६२ मिळवले की ८८.५, भागिले १३१, सुमारे ६८ टक्के. ७९ पेक्षा कमी, ४७ पेक्षा जास्त, आणि छातीठोकपणे सांगता येण्यासारखा. चिठ्ठ्या टाकण्याऐवजी सहज सापडतील त्या वीस घेतल्या तर हा सगळा खटाटोप वाया जातो.

छोट्या गटांच्या टक्केवारीसोबत खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो, ते अंतरही नेहमी द्या. २० पैकी १५ म्हणजे ७५ टक्के, पण विल्सनच्या सूत्रानं ९५ टक्के खात्रीचं अंतर ५३ ते ८९ येतं. एका विशेष विषयात ७५ आणि दुसऱ्यात ६० आले म्हणून पहिला विषय चांगला, असा निष्कर्ष एवढ्या आकड्यांवरून निघत नाही. वय, अनुभव अशा घटकांचा परिणाम पाहायला गणिती मॉडेल बसवायचं असेल तर ज्या घटनेचा अभ्यास करताय तिच्या दर दहा नोंदींमागे एकाहून जास्त घटक घालू नका. ४० बढत्या असतील तर चारच घटक.

भरपाईचा हिशोब

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या परिचारिकेसाठी हा भाग सर्वात मोलाचा, आणि अहवालांत तो क्वचितच सापडतो. चलन बाजूला ठेवून सगळं तिच्या प्रवेशाआधीच्या मासिक पगारात मांडा. नोकरी सोडून दोन वर्षं शिकली तर २४ पगार बुडाले. शुल्क, पुस्तकं, प्रबंध आणि राहणं मिळून समजा १० पगार. एकूण ३४. पदवीनंतरचा पगार तुलनागटापेक्षा १५ टक्क्यांनी जास्त असेल तर वर्षाला १.८ पगार जास्त मिळतात, आणि ३४ भरून निघायला जवळजवळ १९ वर्षं लागतात. फरक ४० टक्के असेल तर वर्षाला ४.८ पगार, म्हणजे सात वर्षं. आणि तोच अभ्यासक्रम नोकरी चालू ठेवून किंवा भरपगारी रजेवर केला, तर भरून काढायचे फक्त १० पगार राहतात. १५ टक्के वाढीतही साडेपाच वर्षांत हिशोब मिटतो.

पदवीची किंमत ठरवण्यात शुल्कापेक्षा बुडालेला पगार कितीतरी मोठा असतो, हे या तीन ओळींत उघड होतं. म्हणून आम्ही सांगू की निकाल नेहमी दोन गटांत तोडून द्या: नोकरी सोडून आलेल्या आणि रजेवर किंवा नोकरीसोबत शिकलेल्या. दोघींची एकत्र सरासरी कुणाच्याच उपयोगाची नाही. तुलनागटापेक्षा पगार वाढलाच नसेल तर भरपाईची वर्षं काढता येत नाहीत. तिथे तसं स्पष्ट लिहा.

पैशात न मावणारं पुष्कळ काही असतं, त्यासाठी १२ ते १५ मुलाखती घ्या. माणसं निवडताना पदवी वापरात असलेल्या, नसलेल्या, शिक्षण सोडलेल्या आणि व्यवसायच सोडलेल्या अशा सगळ्या गटांतून घ्या. एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘पदवीनंतर रुजू झालात त्या पहिल्या महिन्यात तुमच्या कामात नेमकं काय वेगळं होतं?’ नाइट ड्यूट्या संपल्या, असं एक उत्तर येतं. काहीच वेगळं नव्हतं, उलट सहकारी तुटक वागू लागल्या, असंही येतं. पदवी घेऊन आलेल्या परिचारिकेसाठी रुग्णालयानं पद तयारच ठेवलेलं नव्हतं, हे आकड्यांपेक्षा अशा उत्तरांतून लवकर कळतं.

अहवालात काय असलंच पाहिजे

पहिल्या पानावर प्रवाह दाखवा: प्रवेश किती, पूर्ण किती, संपर्क झाला किती, उत्तर किती, आणि प्रत्येक टप्प्यावर गळालेल्यांची संख्या. प्रत्येक टक्केवारीसोबत अंश आणि छेद दोन्ही. उत्तर देणाऱ्या आणि न देणाऱ्या यांचं प्रवेशाच्या वेळचं वय, अनुभव आणि विषय शेजारी शेजारी. ही माहिती रजिस्टरात असल्यामुळे त्यासाठी कुणाला फोनही करावा लागत नाही. तुलनागट कुठून आला. पगार कुठल्या वर्षाच्या किमतीत. वापरलेली प्रश्नावली शेवटी जशीच्या तशी.

‘पदवीमुळे’ हा शब्द तुलनागट नसेल तर वापरू नका; ‘पदवीनंतर’ म्हणा.

अहवाल उत्तर देणाऱ्या प्रत्येकीला पाठवा, दोन पानांचा गोषवारा करून. पुढच्या फेरीला पाठिंबा तिथूनच मिळतो. त्याच संदेशात नवा नंबर, नवा ईमेल आणि जिचा पत्ता सहसा बदलत नाही अशा एका नातेवाइकाचा संपर्क विचारून घ्या, आणि दर वर्षी एका ठरलेल्या महिन्यात फक्त हे तीन रकाने ताजे करा. नव्या बॅचच्या प्रवेश अर्जात प्रवेशाआधीचं पद, मूळ वेतन, हातात येणारी रक्कम, आठवड्याचे तास आणि पुढे संपर्क साधण्याची संमती हे पाच रकाने आजच घाला. पाच वर्षांनी त्या बॅचला फोन कराल तेव्हा ही माहिती मागे जाऊन कुणाकडूनच मिळवता येणार नाही.